काचेवरची शिसपेन्सिल

जुन्या फोटोंतले चेहरे इतके नितळ कसे, याचं उत्तर अर्धं रसायनात आहे आणि अर्धं पेन्सिलीत. १८५१ मध्ये आलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला (कोलोडियन या चिकट द्रावाचा प्रकाश टिपणारा थर दिलेली, ओली असतानाच वापरायची फोटोची काच) निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच काय तो दिसे. लाल-पिवळ्याच्या बाबतीत ती जवळपास आंधळी. त्वचेवरचे तपकिरी ठिपके नेमका निळा-जांभळा प्रकाशच शोषतात. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या गालावर जेमतेम जाणवणारा डाग फोटोत काळाकुट्ट उमटे. गिऱ्हाईक चिडणारच!

म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्ट्स हान्फ्श्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली, म्हणजे हाताने दुरुस्त केलेली, निगेटिव्ह मांडली, सोबत आधीची आणि नंतरची प्रतही. पुढे प्रत्येक मोठ्या स्टुडिओत रिटचर बसू लागला.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक असतो. त्यावर शिसं चढवलं की प्रकाश अडतो आणि कागदावर ती जागा उजळते. म्हणजे पेन्सिलीने फक्त उजळ करता येतं, गडद नाही. गडद करायचं तर थर चाकूने खरवडून पातळ करायचा. ते जिलेटिनच्या कोरड्या काचांवर चांगलं जमलं. कोलोडियनचा नाजूक थर सोलून निघायचा.

वॉर्निश केलेल्या गुळगुळीत काचेवर पेन्सिल घसरते. म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या डॅमर राळेचा एखादा थेंब चेहऱ्यापुरता कापडाने चोळून घ्यायचा. जास्त झाला तर पृष्ठभाग चिकट राहतो, त्यावर धूळ बसते. मग काच तिरक्या चौकटीत ठेवायची. खालचा आरसा खिडकीचा उजेड वर फेकतो. कडक पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं आणि हात अगदी हलका ठेवून स्वल्पविरामासारखे बारीक फटकारे मारायचे. आधी डाग, मग सुरकुत्या, शेवटी डोळ्यांखालची सावली. सुरकुती पुसायची नसते, फक्त उथळ करायची. नाहीतर साठीच्या बाईंना गुळगुळीत बाहुलीचा चेहरा मिळतो. असे फोटो ढिगाने सापडतात.

शिसं प्रमाणाबाहेर चढलं तर छापात खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. तेव्हा टर्पेंटाइनने तेवढा भाग पुसायचा आणि राळेपासून पुन्हा सुरुवात. थरातल्या टाचणीएवढ्या भोकांचं काम निराळं. ती छापात काळी येतात, म्हणून निगेटिव्हवर अपारदर्शक रंगाने बुजवायची. मग तिथे पांढरा ठिपका उरतो, तो छापावर जलरंगाच्या बारीक ब्रशने आजूबाजूच्या छटेत मिसळायचा.