"उताऱ्यात दिलंच न्हाई की!"

गेल्या रविवारी भाचीला घेऊन बसलो होतो. सातवीत आहे, वाचायला एकदम फास्ट, जोडाक्षरं आली तरी गाडी कुठं अडकत नाही. पुढ्यात सरावाचं पुस्तक आणि त्यात चार ओळींचा उतारा. साधारण असा:

'सुमनताई बाहेरच्या खोलीत डोकावल्या. दारातल्या चपला त्यांनी नजरेनंच मोजल्या. मग आत जाऊन आणखी दोन वाट्या तांदूळ धुतले आणि शेजारच्या पिंटूला दूध आणायला पिटाळलं.'

खाली प्रश्न, सुमनताईंनी जादा तांदूळ का धुतले? पर्याय अ, त्यांना फार भूक लागली होती. ब, घरी पाहुणे आले होते. क, आधीचा भात करपला होता. ड, सांगता येत नाही. पोरीनं दोन सेकंदात ड ला गोल केला. का गं, म्हटलं, तर म्हणे, "उताऱ्यात दिलंच न्हाई की!"

आता बघा, तिचं चूक कुठंय? 'पाहुणे' हा शब्द त्या उताऱ्यात खरंच नाही. पण गंमत पुढं झाली. दहा मिनिटांनी बाहेर गेटचा आवाज आला, स्वयंपाकघरात भांडी वाजली, आणि ही वहीतनं मान वर न काढता म्हणते, "कोणतर आलंय. आजीनं मोठं पातेलं काढलं." चहाच्या पातेल्याच्या नुसत्या आवाजावरून! म्हणजे डोक्यातलं मशीन व्यवस्थित चालू आहे, उताऱ्यापुढं बसवलं की तेवढं त्याचं बटण कुणीतरी बंद करतं.

कुणीतरी म्हणजे आपणच. पहिलीपासून उतारा म्हटलं की एकच पद्धत लावलेली असते, प्रश्नातला शब्द धरायचा, तो उताऱ्यात कुठं आहे ते बोटानं शोधायचं आणि ती ओळ जशीच्या तशी खाली उतरवायची. मार्क मिळतात. पाचवीपर्यंत हे मस्त चालतं, न वाचताही चालतं. मग सहावी-सातवीत आणि शिष्यवृत्तीच्या पेपरात अचानक 'यावरून काय निष्कर्ष निघतो' असला प्रश्न येतो आणि तिथं बोटानं शोधून काही सापडत नाही, कारण उत्तर कागदावर नसतंच, ते कागद आणि डोकं यांच्या मधे कुठंतरी असतं.

हे 'मधे' काय प्रकरण आहे त्यावर मानसशास्त्रात पन्नासेक वर्षं तरी काम चाललंय. माझा आवडता प्रयोग १९७२ चा, जॉन ब्रॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. लोकांना वाक्य ऐकवलं, तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्या खालून एक मासा पोहत गेला. नंतर विचारलं, 'ओंडक्याच्या खालून मासा गेला' असं वाक्य तुम्ही ऐकलं होतं का? बऱ्याच जणांना वाटलं, हो, हेच ऐकलं. ऐकलं नव्हतं! पण कासवं ओंडक्यावर, मासा कासवांखाली, म्हणजे मासा ओंडक्याखालीपण आलाच, आणि डोक्यानं शब्द टाकून देऊन ते चित्रच ठेवून घेतलं. कासवं ओंडक्याच्या शेजारी बसलीत असं ऐकवलं की मग हा घोटाळा होत नव्हता, कारण तेव्हा चित्रच वेगळं. म्हणजे निष्कर्ष काढणं हे वाचून झाल्यावर करायचं काम नाहीच, वाचतानाच आपण ते करत असतो आणि आपल्याला त्याचा पत्तापण लागत नाही.

पण ते फुकट होत नाही हेही आहे. १९७४ मधे हॅविलंड आणि क्लार्क या दोघांनी वाक्यं समजायला किती वेळ लागतो ते मोजलं. 'आम्ही डिकीतनं बिअर काढली. बिअर कोमट होती.' हे पटकन समजतं. 'आम्ही पिकनिकचं सामान तपासलं. बिअर कोमट होती.' इथं दुसरं वाक्य अक्षर न अक्षर तेच, तरी वेळ जास्त लागतो. कारण सामानात बिअर होती हे कुणी सांगितलेलं नाही, तो छोटा साकव वाचणाऱ्यानं स्वतः टाकायचा आणि मग पलीकडं जायचं. मोठ्या माणसाला क्षणभर. सातवीतल्या पोराला, त्यात परीक्षेचं टेन्शन आणि घड्याळ, तिथंच पाय अडकतो.

आणि काही मुलांना तो साकव टाकायचाय हेच ध्यानात येत नाही. ब्रिटनमधल्या जेन ओकहिल यांनी सात-आठ वर्षांच्या अशा मुलांवर बरंच काम केलं, ज्यांचं मोठ्यानं वाचणं चांगलं पण समजण्यात मागं. त्यांच्या पुढं गोष्ट उघडी ठेवली, परत बघून उत्तर द्या म्हटलं, तर जे थेट लिहिलंय ते त्यांना सापडलं, पण जे सुचवलंय तिथं ती इतरांपेक्षा मागंच राहिली. म्हणजे 'परत नीट वाच' हा जो आपला ठरलेला डोस आहे ना, तो इथं लागू पडत नाही. मीपण तोच डोस देत होतो, कबूल.

आता दुसरी बाजू, माहितीची. १९८८ मधे अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीची ६४ मुलं घेतली आणि त्यांना बेसबॉलच्या मॅचचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची, आणि दोन्हीकडं काहींना बेसबॉल माहीत, काहींना नाही. निकाल काय, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली पोरं, वाचनात हुशार पण बेसबॉल माहीत नसलेल्यांपेक्षा पुढं गेली.

कोल्हापुरात हे पटवायला प्रयोगाची गरजच नाही. 'रविवारी शाहू स्टेडियमला पाटाकडीलची प्रॅक्टिसबरोबर मॅच आहे, दुपारनंतर पेठेत दुकानं उघडी असतील असं वाटत नाही.' हे वाक्य बाहेरच्या गावच्या शहाण्या पोराला द्या. तो म्हणेल, प्रॅक्टिस मॅच आहे, त्यासाठी दुकानं कशाला बंद? तर्क एकदम बरोबर आणि उत्तर साफ चूक, कारण पाटाकडीलसारखाच प्रॅक्टिस हापण इथला फुटबॉल क्लब आहे हे त्याला कोण सांगणार. पेठेतलं शेंबडं पोरगंही इथं चुकत नाही. मग या दोघातला कुणाचा 'तर्क कच्चा' म्हणायचा?

अजून एक. वर मी पहिल्याच ओळीत 'बसलो होतो' लिहिलंय, 'देत होतो' पण लिहिलंय, आणि समोर भाची. तुमच्यातल्या कितीजणांनी मला मामा धरलं? मी तिची आत्ती आहे. आमच्याकडं बायका-पोरी सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात, कोल्हापूरच्या वाचकाला निदान शंका तरी आली असेल, पुण्या-मुंबईच्या वाचकानं मात्र बिनधास्त शर्ट-पँट चढवली असणार. त्यात तुमची चूक नाही, मराठीत क्रियापदावरून बाई की बुवा ते कळतं हा तुमचा नियम शंभरातल्या नव्याण्णव ठिकाणी चालतो. फक्त तो लावलाय हे तुम्हाला कळलं नव्हतं, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे. निष्कर्ष काढताना आपण कशाचा आधार घेतोय ते दिसत नाही, आणि न दिसणारा आधार कच्चा निघाला की मग शोधायचं कुठं?

बरं, माहिती भरली की काम झालं का? तर तेही नाही. केट केन आणि ओकहिल यांच्या गटानं यावर डोकेबाज युक्ती केली. 'गान' नावाचा एक खोटा ग्रह घेतला, तिथल्या अस्वलांची फर निळी असते वगैरे माहिती मुलांना पाठ होईपर्यंत शिकवली, मग त्या ग्रहावरची गोष्ट ऐकवली. आता माहिती सगळ्यांची सेम, कुणाच्या घरी पुस्तकं जास्त नि कुणाच्या कमी हा प्रश्न नाही. तरीपण ज्यांचं आकलन कच्चं होतं त्यांनी कमी निष्कर्ष काढले. म्हणजे माहिती गाठीशी असून ती वेळेला बाहेर काढून गोष्टीतल्या वाक्याला जोडणं हे वेगळंच कसब आहे.

हे कसब सरावानं येतं ही त्यातली चांगली बातमी. युइल आणि ओकहिल यांनी १९८८ मधे दाखवलं की एकेका शब्दात दडलेली खूण शोधायचा आणि स्वतःच प्रश्न काढायचा सराव दिलेल्या कच्च्या मुलांचं आकलन, नुसतं भरभर वाचायचा सराव केलेल्यांपेक्षा जास्त सुधारलं. मी घरी एवढंच केलं की बरोबर-चूक सांगायचं बंद करून एकच शब्द धरला. कशावरून? 'पाहुणे आले.' कशावरून? 'चपला मोजल्या.' आपल्याच चपला असतील की. 'आपल्या कोण मोजतंय?' आणि? 'दूध मागवलं, चहाला.' तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, भुकेच्या पर्यायाला चपला बसत नाहीत, करपलेल्या भाताला दूध बसत नाही. झालं. बाईसाहेब खूश. इतक्या खूश की पुढं म्हणाल्या, "मुलगी बघायला आलेत!"

हां. इथं दुसरा खड्डा असतो आणि हा जास्त खोल. आधी निष्कर्ष काढायला तयार नसलेलं पोरगं एकदा सुटलं की उताऱ्याबाहेर पार पन्हाळ्यापर्यंत जातं. किती लांब गेलं तर चालतं, याचं भांडण आपल्याकडं फार जुनं आहे. न्यायशास्त्रातलं (कोर्टाचं न्हवे, तर्काचं आपलं जुनं शास्त्र) डोंगरावरच्या धुराचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, धूर दिसतो म्हणजे विस्तव आहे, जसं स्वयंपाकघरात. पण त्या मंडळींचं खरं डोकं पुढं दिसतं. हेच उलटं करून 'विस्तव आहे म्हणजे धूर असणार' म्हणता येतं का? नाही, कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा, आग आहे, धूर नाही. धुराला आगीबरोबर ओलं जळणपण लागतं. आणि जो धूर वाटतोय तो धूरच आहे ना, की धुकं? डिसेंबरात सकाळी शिंगणापूरच्या बाजूला उभं राहिलं की नदीवरचं धुकं कुठलं नि गुऱ्हाळाचा धूर कुठला हे मलापण पटकन सांगता येत नाही, आणि माझा जन्म इथलाच.

पावसाळ्यात तर सगळं गावच उतारा वाचत असतं. मग मी तिला तसलाच उतारा करून दिला. 'राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी सकाळी आठला ३७ फूट होती, दुपारी बाराला ३८ फूट झाली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दुपारी दोनला राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला.' सांग काय काय कळतं.

पाणी वाढतंय, म्हणाली. कशावरून, ३७ चं ३८ झालं. पक्कं. संध्याकाळी ३९ होईल? होऊ शकेल, चार तासात एक फूट चढलंय, पण पाऊस थांबला तर काय, म्हणून 'शक्यता आहे' एवढंच. इथपर्यंत झकास. मग म्हणाली, "दरवाजा उघडला म्हणून पाणी वाढलं." हा फॉरवर्ड दर जुलैत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर येतो, मोठी माणसं पाठवतात, तिला काय बोलणार. वेळा बघ म्हटलं. तिनं परत वाचलं. पाणी वाढलं आठ ते बारा, दरवाजा उघडला दोनला. दोनच्या दरवाज्यानं बाराच्या आधीचं पाणी कसं वाढवायचं? शिवाय दरवाजातनं सुटलेलं पाणी बंधाऱ्यापर्यंत यायलाच काही तास जातात, आणि पंचगंगेत नुसती राधानगरीकडची भोगावती नाही, कासारी, कुंभी, तुळशी पण आहेत. पण हे शेवटचं उताऱ्यात नाही, ते आपलं भूगोलाचं ज्ञान, आणि उताऱ्यातल्या नुसत्या वेळांवरूनच तो फॉरवर्ड पडला हे मला जास्त आवडलं.

आणि मग ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, फ्रीज माळ्यावर चढवायचा. हे मात्र मी चूक धरलं नाही. २०१९ ला ती अगदी लहान होती, २०२१ ला जरा कळती, घरात पाणी आलं नव्हतं पण सुतारवाड्यातली माणसं सामान घेऊन निघालेली तिनं बघितलीत. 'पूर येणारच' हा त्या उताऱ्यावरून निघणारा निष्कर्ष नाही. 'तयारीला लागूया' हा निर्णय आहे, आणि निर्णयाला पक्का पुरावा नसला तरी चालतो, शक्यता आणि नुकसान किती ते बघायचं. हा फरक पेपरात कुणी विचारत नाही, का ते मला कळत नाही.

या रविवारी तिनंच मला उतारा काढून आणला. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलनं:

'आबा दुपारी झोपले नाहीत. त्यांनी नवी टोपी घातली आणि परत काढून ठेवली. चारला गल्लीत कुणीच नव्हतं.'

आबा कुठं जाणार होते? मी म्हटलं सोपं आहे, शाहू स्टेडियम, मॅच असणार, म्हणून गल्ली मोकळी.

"कशावरून?"

गल्लीत कुणी नाही यावरून.

"ऊन असंल की. आणि मॅच असती तर टोपी काढून का ठेवली? गेले असते की."

मग कुणाचं तरी लग्न होतं आणि आजीनं नको म्हटलं.

"आजी हाय का उताऱ्यात?"

नव्हती. परत वाचलं, तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. शेवटी हरलो म्हटलं, सांग बाई आता. तर तिनं पेन्सिल घेतली आणि शांतपणे ड ला गोल केला.