थकलेला कर आणि टेक्सासचं हँडगन लायसन्स

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अंगावर पिस्तूल लपवून बाळगायचं लायसन्स घ्यायचं तर नुसता पोलिस रेकॉर्ड कोरा असून भागत नाही, सरकारी कर थकलेला असेल तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. राज्याच्या गव्हर्नमेंट कोडमधल्या कलम ४११.१७२ मध्ये पात्रतेच्या अटी आहेत, त्यातच ही एक. १९९५ साली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने हा कायदा झाला, तेव्हा नाव होतं कन्सील्ड हँडगन लायसन्स, मग २०१६ पासून होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघड बाळगायलाही परवानगी मिळाली आणि नाव बदलून लायसन्स टू कॅरी झालं. लायसन्स देतं डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी.

अट नीट वाचायला हवी. राज्याचा कंप्ट्रोलर (राज्याचे कर वसूल करणारा अधिकारी), काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा शहराचा टॅक्स कलेक्टर, किंवा राज्याचं कुठलंही खातं यांची बाकी धरली जाते, आणि ती बाकी थकल्याचं अंतिमपणे ठरलेलं असलं पाहिजे, म्हणजे रकमेवरून वाद अजून चालू आहे एवढ्यावरच माणूस बाद होतो असं या शब्दांतून निघत नाही. मुलांच्या पोटगीची थकबाकीही याच यादीत आहे.

टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे सामान्य माणसाची बाकी बहुतेक घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची असते. तो साधारण ३१ जानेवारीपर्यंत भरायचा, १ फेब्रुवारीला तो थकीत होतो आणि लगेच ६ टक्के दंड अधिक १ टक्का व्याज लागतं, जुलैपर्यंत दंडच १२ टक्क्यांवर जातो. दुकानदार, हॉटेलवाले यांच्या बाबतीत गिऱ्हाइकाकडून घेतलेला सेल्स टॅक्स कंप्ट्रोलरकडे न भरणं हे जास्त अडचणीचं.

फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, इन्कम टॅक्सची बाकी या कलमात येत नाही. पण कर थकणं वेगळं आणि जाणूनबुजून बुडवणं वेगळं, फेडरल करचुकवेगिरी हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि एकदा दोषी ठरलं की लायसन्स राहू दे, बंदूक घरात ठेवायलाही फेडरल कायद्याने बंदी येते. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींपैकी जे एच-१बी व्हिसावर आहेत त्यांना तर, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच मनाई आहे, कराचा मुद्दा येतो तो ग्रीन कार्ड झाल्यावर.

नवा अर्जदार बाकी भरून मोकळा झाला की पात्र होतो. ज्याच्याकडे आधीच लायसन्स आहे त्याला मात्र जास्त जड जातं, तो मध्येच अपात्र ठरला तर लायसन्स रद्द होतं आणि परत अर्ज करायला २ वर्षं थांबावं लागतं, तेही कारण दूर झालेलं असेल तरच. निर्णयाविरुद्ध नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुनावणी मागता येते, ती जस्टिस कोर्टात, म्हणजे खालच्या स्थानिक कोर्टात, होते. नोटीस बाजूला टाकून देऊ नये ती याचसाठी.

सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, आणि त्या मोकळिकीत कराची अट नाही. म्हणजे थकबाकीदार पिस्तूल घेऊन फिरू शकतो, फक्त ट्रेनिंग आणि तपासणीतून जाणारं लायसन्स त्याला मिळत नाही, हे मला तरी उलटं वाटतं, कारण कर थकल्याने माणूस धोकादायक होत नाही, ही अट वसुलीचं हत्यार म्हणूनच आहे. लायसन्स नसल्याने जातं काय तर ते मानणाऱ्या दुसऱ्या राज्यांत पिस्तूल नेण्याची सोय, सरकारी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर लपवून बाळगण्याची परवानगी, आणि शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला असलेल्या फेडरल बंदीतून मिळणारी सूट.