रिटर्नमधली चूक सुधारायची सोय आली कुठून

जुलै आला की आमच्या घरी नातेवाईकांचे फोन सुरू होतात, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देशील का म्हणून, आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या प्रकारचे, अरे एफडीचं व्याज टाकायचं राहिलं, आता काय? या दुसऱ्या फोनबद्दलच लिहितोय. आज पोर्टलवर लॉगिन करून रिवाइज्ड म्हणजे सुधारलेलं रिटर्न दहा मिनिटांत जातं, पण ही सोय एका झटक्यात मिळालेली नाही आणि ती अजूनही पूर्ण नाही.

आपल्याकडे इन्कम टॅक्स आणला ब्रिटिश सरकारच्या इथल्या अर्थसदस्याने, जेम्स विल्सनने, १८६० मध्ये. १८५७ च्या उठावात सरकारचा प्रचंड खर्च झाला होता, तो भरून काढायचा होता. तो कायदा पाचच वर्षांसाठी होता, मग कर बंद, पुन्हा सुरू असं बरंच चाललं, १८८६ चा कायदा आला आणि मग १९२२ चा. आपल्या कामाची गोष्ट या १९२२ च्या कायद्यात आहे. त्यात कलम २२ च्या पोटकलम ३ मध्ये म्हटलं होतं की रिटर्न दिल्यावर माणसाच्या लक्षात आलं की काही राहिलंय किंवा चुकीचं लिहिलंय, तर असेसमेंट, म्हणजे ऑफिसरने कर ठरवणं, व्हायच्या आधी कधीही त्याने सुधारलेलं रिटर्न द्यावं. म्हणजे हा हक्क शंभर वर्षं जुना आहे! १९६१ चा कायदा आला तेव्हा हीच भाषा कलम १३९(५) मध्ये गेली. त्यातला 'लक्षात आलं' हा भाग फार महत्त्वाचा, कारण कोर्टांनी त्याचा अर्थ असा लावला की मुळात मुद्दाम लपवलं असेल आणि पकडले गेल्यावर रिवाइज करत असाल तर ती सुधारणा धरली जाणार नाही. चूक खरोखरची हवी.

पण तेव्हा हिशोब करायचा तो मुख्यतः ऑफिसरने. तुम्ही कागद द्यायचे, त्याने तपासायचे, कर किती ते त्याने सांगायचं. १९६४ मध्ये कलम १४०ए आलं, स्वतःच हिशोब करून राहिलेला कर रिटर्नसोबत भरायचा, सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणतो ना आपण तो हाच. १९७१ नंतर माणसाला न बोलावता रिटर्नवरूनच असेसमेंट करायची पद्धत आली. रिटर्नं वाढत होती, ऑफिसर तेवढेच, दुसरं काय करणार. हळूहळू बहुतेक लोकांच्या बाबतीत तुम्ही लिहिलेला आकडा हाच शेवटचा आकडा व्हायला लागला, त्यामुळे चुकीची जबाबदारीही तुमच्यावरच आली.

२००७ मध्ये नवे आयटीआर फॉर्म आले, त्यांना काहीच जोडायचं नाही, नोकरीतल्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म १६, तोसुद्धा नाही. आधी एखादा आकडा चुकला तरी सोबतच्या कागदावरून कळायचा, आता टाइप केलेलं तेवढंच खरं. २००९ मध्ये बंगळुरूला सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर सुरू झालं आणि रिटर्न माणसाऐवजी मशीन वाचायला लागलं. डिजिटल सिग्नेचर नसेल तर रिटर्नची पोच, आयटीआर-व्ही, प्रिंट काढून, सही करून साध्या पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने तिकडे पाठवायचं, कुरिअर चालत नसे, मुदत १२० दिवस. २०१५ मध्ये आधार ओटीपीने व्हेरिफाय करता यायला लागलं तेव्हा ते पोस्टाचं प्रकरण सुटलं, आणि २०२२ च्या ऑगस्टपासून मुदत ३० दिवसांवर आली.

आता सगळ्यात जास्त खटकणारा भाग. उशिरा भरलेलं रिटर्न रिवाइज करताच येत नसे. मुदतीत भरलं तरच चूक सुधारायचा हक्क, सुप्रीम कोर्टानेही १९९६ मध्ये कुमार जगदीशचंद्र सिन्हा केसमध्ये हेच सांगितलं, कारण कायद्याचे शब्दच तसे होते. माझे मामा शाळेतून रिटायर झाले ते २०१३ मध्ये, त्या गडबडीत रिटर्न उशिरा गेलं आणि पीपीएफमध्ये भरलेल्या पैशांची वजावट दाखवायची राहिली. सीएंनी सांगितलं, काका, उशिराचं रिटर्न रिवाइज होत नाही. जास्तीचा कर गेला तो गेलाच. ज्याला आधीच उशीर झालाय त्याच्याकडूनच घाईत चुका होतात, आणि नेमकं त्यालाच दार बंद, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

हे बदललं २०१६ च्या फायनान्स ॲक्टने, असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षानंतरचं, रिटर्न भरायचं वर्ष) २०१७-१८ पासून उशिराचं रिटर्नही रिवाइज करता यायला लागलं. मात्र दार उघडलं आणि वेळ कमी केला असं झालं. आधी असेसमेंट इयर संपल्यावरही एक वर्ष मिळायचं, पुढच्याच असेसमेंट इयरपासून ते वर्ष संपेपर्यंतच, आणि २०२१ च्या फायनान्स ॲक्टने ३१ डिसेंबर. नवं पोर्टलही त्याच वर्षी ७ जूनला आलं, सुरुवातीला इतकं अडकत होतं की रिटर्नची मूळ मुदतच ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. नोव्हेंबरमध्ये एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेल्या तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक, आलं, त्यात व्याज, डिव्हिडंड, शेअरचे व्यवहार सगळं दिसतं, त्यामुळे मामांसारख्यांचं बरंच काम सोपं झालं, भरण्याआधी ते एकदा उघडून बघितलं तरी निम्म्या चुका टळतात.

२०२२ मध्ये कलम १३९(८ए) आलं, अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू. आधी दोन वर्षं, २०२५ च्या फायनान्स ॲक्टने चार. जितका उशीर तितका जादा कर, पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६० आणि ७०. पण हे फक्त कर वाढत असेल तरच. तुमची चूक तुमच्याच विरुद्ध झाली असेल, म्हणजे वजावट विसरलात, रिफंड कमी मागितला, तर आयटीआर-यू चालत नाही. त्यासाठी उशीर माफ करा म्हणून कलम ११९(२)(बी) खाली अर्ज करायचा, त्याची मर्यादा २०२४ च्या सर्क्युलरने पाच वर्षांवर आणली, आणि तो मान्य करायचा की नाही हे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हातात. सरकारचं नुकसान करणारी चूक सुधारायला चार वर्षं एक ऑनलाइन फॉर्म मिळतो, स्वतःचं नुकसान करणाऱ्या चुकीला रिवाइज करायची मुदत संपली की विनंती अर्ज, या सगळ्या बदलांनी हेच झालं.