सकारात्मक वर्तनाला प्रोत्साहन (प्राथमिक शाळा)

मुलांच्या योग्य वागण्याची लगेच आणि नेमकी दखल घेऊन ते अंगवळणी पाडण्याची अध्यापन-पद्धत. शिक्षेने चूक तात्पुरती थांबते, पण त्या जागी काय करायचे ते मुलाला कळत नाही. पद्धतीचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रबलनाच्या संकल्पनेत आहे : ज्या कृतीनंतर हवेसे काही मिळते, ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. लहान मुलांना हवीशी असलेली एक मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकाचे लक्ष. ते ओरडा खाऊनही मिळते, आणि बऱ्याच वर्गांचे घोडे इथेच अडते.

वर्गाचे नियम तीन ते पाच असावेत आणि काय करायचे ते सांगणारे असावेत. ‘पळू नका’ऐवजी ‘वर्गात चालत जा’. रांग लावणे, वह्या जमा करणे, मदत मागणे या गोष्टी शिक्षकाने करून दाखवाव्यात, मुलांकडून करून घ्याव्यात आणि दीर्घ सुट्टीनंतर त्यांची उजळणी घ्यावी. नियमांचा तक्ता भिंतीवर लावला की काम झाले, असे नाही. मॅडसेन, बेकर आणि थॉमस यांच्या १९६८च्या अभ्यासात नुसत्या नियमांनी फारसा फरक पडला नाही. चांगल्या वागण्याचे कौतुक आणि किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष यांची जोड मिळाल्यावर गडबड कमी झाली.

कौतुक कृतीनंतर काही सेकंदांत करावे आणि त्यात कृतीचे नाव घ्यावे. ‘शाबास’ कशाबद्दल ते मुलाला कळत नाही. ‘तिचे बोलणे संपेपर्यंत तू थांबलास’ हे कळते. ‘हुशार आहेस’ हे टाळलेले बरे : म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची चिकाटी अपयशानंतर घटली, मेहनतीचे कौतुक झालेल्यांची त्यामानाने टिकली. काही मुले चारचौघांतल्या कौतुकाने संकोचतात. त्यांच्या बाकाशी जाऊन हळूच सांगावे.

दुर्लक्ष हे सर्वांत अवघड. लक्ष मिळेनासे झाले की खोडी आधी वाढते. नेमक्या त्याच वेळी शिक्षक ओरडले, तर खोडी वाढवली की लक्ष मिळते, एवढेच मूल शिकते. मारामारी, छळ किंवा धोका असेल तिथे दुर्लक्ष अजिबात चालत नाही. थोडक्या शब्दांत लगेच थांबवावे. मूल अवघड गणित चुकवण्यासाठी दंगा करत असेल, तर त्याला वर्गाबाहेर काढणे हे त्याचे बक्षीसच ठरते. तिथे गणित छोट्या टप्प्यांत द्यावे.

चांगल्या वागण्याबद्दल बक्षीस म्हणून द्यायची टोकन किंवा चांदण्या सवय लागेपर्यंतच. सुरुवातीला वारंवार द्याव्यात, मग अंतर वाढवावे; कमावलेली चांदणी दंड म्हणून काढून घेऊ नये. जे मूल आवडीने करतेच, त्यावर बक्षीस लावणे उलटते : १९७३च्या एका प्रसिद्ध प्रयोगात बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढून घेतलेल्या बालवाडीतील मुलांचा चित्रकलेतला रस नंतर कमी झाला. ‘चांगल्या वर्तनाचा खेळ’ (१९६९) वर्गाचे गट पाडतो. नियम मोडला की गटाच्या नावे खूण होते आणि ठरलेल्या मर्यादेत राहिलेले सर्व गट जिंकतात. एखादे मूल मुद्दाम गटाला हरवू लागले, तर त्याचा स्वतंत्र गट करावा. नाहीतर बाकीची मुले त्याच्यावर तुटून पडतात. भिंतीवरच्या नाववार गुणतक्त्यांत शेवटी तीच दोन-तीन नावे राहतात, म्हणून ते न लावणेच श्रेयस्कर.

काही आठवड्यांत फरक दिसला नाही, तर बक्षीस मोठे करू नये. वागण्याच्या आधी काय घडले आणि नंतर मुलाला काय मिळाले, हे आठवडाभर टिपून ठेवावे आणि त्यानुसार योजना बदलावी.