मॉश पिट : वायू, भोवरा आणि चेंगराचेंगरी

पंक या आक्रमक रॉक संगीताच्या मैफिलीत ‘मॉश’ करायचं म्हणजे स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत खांद्याने एकमेकांना ढकलत, आपटत नाचायचं. ती जागा म्हणजे ‘पिट’. १९७६-७७च्या लंडनमध्ये पंकचे चाहते जागच्या जागी उड्या मारत, तो ‘पोगो’. कॅलिफोर्नियात त्या उड्यांना आडवे धक्के जोडले गेले आणि ‘स्लॅम’ आला. ‘मॉश’ रुजला तो १९८०च्या आसपास, वॉशिंग्टन डी.सी.च्या हार्डकोअर (पंकचाच अधिक वेगवान, कडक प्रकार) वर्तुळात. तिथल्या ‘बॅड ब्रेन्स’ या बँडचा गायक जमैकन ढंगात ‘मॅश’ म्हणे आणि श्रोत्यांनी त्याचं ‘मॉश’ केलं, ही सर्वांत प्रचलित व्युत्पत्ती. पुढे हेवी मेटल या जड रॉकवाल्यांनी शब्द उचलला. गाण्यात लय एकदम निम्मी होऊन गिटार जड होते, त्या तुकड्यालाही आता ‘मॉश पार्ट’ म्हणतात.

२०१३ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी हेवी मेटल मैफिलींचे व्हिडिओ तपासून माणसांचे वेग मोजले. बहुतेकांचा वेग मध्यम, अगदी सुसाट थोडे, दिशा वाटेल तशा. ही वाटणी वायूच्या रेणूंना लागू पडणाऱ्या मॅक्सवेल-बोल्ट्झमन सूत्रात चपखल बसली. हे नवलच, कारण ते सूत्र समतोलातल्या वायूचं आहे आणि पिटमधला प्रत्येकजण तर सतत स्वतःची ऊर्जा खर्च करत असतो!

संगणकावरच्या प्रतिकृतीत त्यांनी दोन प्रकारची माणसं घेतली: धावणारी आणि जागेवर उभी राहणारी. धावणाऱ्यांची शेजाऱ्याच्या मागे जाण्याची ओढ कमी ठेवली की वायूसारखा गोंधळ माजतो. ती वाढवली की सगळे गोल फिरू लागतात. हाच ‘सर्कल पिट’. प्रतिकृतीतला भोवरा दोन्ही दिशांना सारखाच फिरतो, खऱ्या मैफिलींत मात्र ९५ टक्के वेळा घड्याळाच्या उलट. बहुसंख्य लोक उजव्या हाताचे असतात, त्याचा हा परिणाम असू शकेल.

खरा धोका निराळाच. धक्का खाऊन मागे सरकायला जागा असते तोवर तो मॉश. चौरस मीटरमागे सहा-सात माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागते, दाबाच्या लाटा पसरतात आणि छाती फुगायला जागा न उरल्याने माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. २००० साली डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात नऊ जण दगावले ते स्टेजपुढच्या अशाच चेंगराचेंगरीत. बातम्यांत याला सर्रास ‘मॉशिंग’ म्हणतात, ते चूक आहे.

पिटचा पहिला नियम: कुणी पडला की आसपासच्यांनी थांबून त्याला लगेच उठवायचं, नाहीतर मागचे त्याच्यावर कोसळतात. कोपरं वर काढायची नाहीत, टोकदार पट्टे घरी ठेवायचे, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारायची. आणि धक्के थांबून नुसता दाब जाणवू लागला, तर हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी. लाटेच्या विरुद्ध रेटा लावू नये. ती ओसरली की तिरकं सरकत कडेला निघावं.