टेन्शन, तापटपणा आणि हृदयाची जनुकं

मुंबईत कुणी पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकनं गेलं की भेटायला आलेल्यांपैकी एखादा हमखास म्हणतो, "टेन्शन फार घ्यायचा हो तो." कोलेस्टेरॉल किती होतं, वडील कशानं गेले, दिवसाला किती सिगारेटी व्हायच्या, हे कुणी विचारत नाही. हल्ली या समजुतीला जनुकांचा आधार सापडल्याच्या बातम्याही येतात: चिंतातुर स्वभाव आणि हृदयविकार यांची काही जनुकं सामायिक आहेत म्हणे. बातमी खोटी नाही. पण 'तापट माणसाला अटॅक येणारच' हे काही त्यातून निघत नाही. का, ते समजायचं तर हा सामायिकपणा मोजतात कसा हे पाहायला हवं.

आधी जुनं प्रकरण. 1959 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयतज्ज्ञांनी 'टाइप ए' माणूस मांडला: सदा घाईत, स्पर्धेत, चिडलेला. पुढे 3154 पुरुषांचा साडेआठ वर्षं मागोवा घेतल्यावर या गटात हृदयविकार सुमारे दुप्पट दिसला. त्याच लोकांचा 22 वर्षांचा हिशेब 1988 मध्ये निघाला, तेव्हा मात्र हृदयविकाराच्या मृत्यूंशी टाइप एचा संबंध उरला नव्हता. या विषयावरच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवल्याचं नंतर त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झालं. खापर स्वभावावर फुटलं की सिगारेट नामानिराळी राहते, एवढं सोपं होतं ते.

आता टाइप ए मागे पडला. मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजतात. त्यातला हृदयाशी सर्वांत जास्त जोडला जाणारा म्हणजे न्यूरोटिसिझम, मन पटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण 40 टक्के भाग आनुवंशिक आहे. ब्रिटनमधल्या लाखो लोकांची आरोग्याची आणि डीएनएची माहिती साठवणाऱ्या यूके बायोबँकेत तो 12 हो-नाही प्रश्नांनी मोजला. तुमचा मूड वरखाली होतो का, तुम्ही चिडखोर आहात का, काळजी करता का, अशा धर्तीचे. त्यातली आणि इतर ठिकाणची मिळून सुमारे साडेचार लाख लोकांची माहिती 2018 मध्ये तपासली गेली आणि न्यूरोटिसिझमशी जोडलेल्या डीएनएवरच्या 136 जागा सापडल्या. हृदयाच्या धमन्यांच्या विकारासाठी 2022 मध्ये दहा लाखांहून जास्त लोक तपासून 241 जागांची यादी झाली.

मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून सामायिक जागा मोजल्या की झालं? नाही. यादीत यायची अट फार कडक आहे: निव्वळ योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी हवी, कारण एका वेळी दहा लाखांच्या आसपास स्वतंत्र चाचण्या होत असतात. या अटीत नापास झालेल्या हजारो जागांचाही थोडा थोडा परिणाम असतोच. खरा माल तिथंच पडून राहतो.

तो उचलण्याची युक्ती 2015 मध्ये आली. पुढचे दोन परिच्छेद जरा दमानं वाचा.

आईवडिलांकडून डीएनए सुट्या अक्षरांनी येत नाही, सलग तुकड्यांनी येतो. पत्ते पिसताना चिकटलेले पत्ते जोडीनंच फिरावेत, तसं. त्यामुळं जवळजवळची, माणसागणिक बदलणारी अक्षरं एकत्र वारशानं येतात. काही अक्षरांचा असा गोतावळा मोठा असतो, काही जवळपास एकटी असतात. प्रत्येक अक्षराच्या गोतावळ्याला एक आकडा देता येतो. आकडा मोठा, म्हणजे त्या अक्षराच्या सोबत्यांत एखादं खरोखर परिणाम करणारं अक्षर असण्याची शक्यता जास्त. आता दहा-बारा लाख अक्षरं घ्या. प्रत्येकाचा न्यूरोटिसिझमवरचा परिणाम आणि हृदयविकारावरचा परिणाम, दोन्ही आपापल्या अनिश्चिततेनं भागून घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. दोन्ही एकाच दिशेचे असतील तर गुणाकार धन, उलट दिशांचे असतील तर ऋण. आलेखावर आडवा गोतावळ्याचा आकडा, उभा हा गुणाकार. रेषा सपाट राहिली तर सामायिक काही नाही. चढली तर आहे, आणि चढ जितका तीव्र तितकं जास्त. मग दोन्ही गुणांच्या आनुवंशिकतेच्या मानानं तो चढ बसवला की उणे एक ते अधिक एक यांमधला आकडा मिळतो. हाच जनुकीय सहसंबंध.

खरी गंमत पुढे आहे. समजा काही माणसं दोन्ही अभ्यासांत होती. त्यामुळं गुणाकार फुगतो, पण गोतावळा लहान असो वा मोठा, सगळ्याच अक्षरांसाठी सारखाच फुगतो. म्हणजे अख्खी रेषा वर सरकते, तिचा चढ बदलत नाही! एवढी मोठी चूक आलेखाच्या एका बिंदूत गोळा होऊन बाजूला पडते. शिवाय कुणाचाही खासगी डीएनए लागत नाही. अभ्यासांचे प्रसिद्ध झालेले आकडे आणि साधा लॅपटॉप पुरतो.

बिघडतं ते दुसरीकडे. गोतावळ्याच्या आकड्यांचा तक्ता त्याच लोकसमूहाचा हवा. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं झाली, त्यामुळं तुकड्यांची ठेवण वेगळी, आणि युरोपचा तक्ता तसाच लावला तर चढ चुकतो. जीनोमइंडिया प्रकल्पात सुमारे 10 हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचले गेले. तक्त्यासाठी ते उत्तम, पण स्वभावाची जनुकं शोधायला फारच थोडे. दुसरी अडचण लग्नाचीच. शिकलेली माणसं सिगारेट न ओढणारा जोडीदार निवडत राहिली, तर शिक्षण आणि सिगारेट न ओढणं या दोन्हींची जनुकं एकाच घरात जमतात आणि शरीरात काही धागा नसतानाही सहसंबंध दिसतो. पत्रिका जुळवताना हे कुणी बघत नाही, तो भाग वेगळा. तिसरी अडचण: यूके बायोबँकेनं बोलावलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के आले, आणि असे स्वतःहून येणारे सरासरीपेक्षा निरोगी असतात.

आता उत्तर. न्यूरोटिसिझमचा नैराश्याशी जनुकीय सहसंबंध 0.7 च्या आसपास येतो. हृदयविकाराशी तो धन आहे, पण त्या मानानं अगदी किरकोळ. त्या किरकोळ धाग्याचेही अर्थ अनेक. अस्वस्थ माणूस जास्त सिगारेटी ओढतो, कमी झोपतो, गोळ्या चुकवतो. किंवा शरीरातूनच वाट असेल: 2017 मध्ये 293 जणांच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, मेंदूतल्या भीती-ताण हाताळणाऱ्या अमिग्डाला या भागाची सक्रियता जास्त तिथं अस्थिमज्जा जास्त सक्रिय, धमन्यांचा दाह जास्त आणि पुढे हृदयाचे विकारही जास्त दिसले. किंवा एकच जनुक मेंदूत एक काम करत असेल आणि धमनीत दुसरंच.

कारण कोणतं हे जनुकांवरूनच ठरवायची पद्धतही आहे, आणि कोलेस्टेरॉलबाबत ती झकास चालली. पीसीएसके9 जनुक जन्मतःच निकामी असलेल्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आयुष्यभर कमी राहतं आणि त्यांना हृदयविकारही फार कमी होतो. म्हणजे एलडीएल खरोखर कारण आहे. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वाढवणाऱ्या एका जनुकबदलानं मात्र अटॅक कमी झाले नाहीत, आणि ते वाढवणारी औषधंही आपटली. स्वभावाला ही पद्धत नीट लागू होत नाही, कारण पीसीएसके9चं काम ठाऊक आहे, तर न्यूरोटिसिझमच्या शेकडो जनुकांतलं प्रत्येक जनुक दहा कामं करतं.

तेव्हा 'थुंकीवरून स्वभाव आणि हृदय' असा रिपोर्ट विकत घेऊ नका. मुलांच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या पॅकेजइतकाच तो पोकळ आहे. कुटुंबाचा इतिहास नीट विचारलात तर फुकटात जास्त कळतं: वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत हृदयविकाराची रुग्ण होती का? दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतरांना 59 च्या सुमारास, हे 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं आहे.

आणि जनुकांचीच हौस असेल तर रक्तातला लिपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, एकदा तपासून घ्या. तो जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, टेन्शननं वाढत नाही की योगानं उतरत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासला तरी बहुतेकांना पुरतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो नसतो. लॅबला वेगळा सांगावा लागतो, उपाशीपोटी जायची गरज नसते. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर आला तर डॉक्टरांकडे जाऊन एलडीएल किती खाली आणायचं ते ठरवा, आणि सख्ख्या भावाबहिणींनाही तपासायला सांगा.