नंबर आणि तारखा: फोनवर, कॉम्प्युटरवर, सगळीकडे सारख्याच

नमस्कार,

आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार ठरलेली असते: "नंबर मोबाइलमध्ये आहे, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही." नाहीतर याच्या बरोबर उलटी. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपवाल्यांची तीच आणि कॉलेज रोडच्या डॉक्टरांचीही तीच. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे अनेकांना कॉम्प्युटर बदलावा लागतोय आणि जुन्या मशीनमधले नंबर नव्यात कसे आणायचे हा प्रश्न पाठोपाठ येतोय. काम आमच्याकडून करून घ्या किंवा घरी बसून स्वतः करा, पण त्याआधी हे पत्रक जरूर वाचा.

मूळ यादी एकच

तुमच्या नंबरांची आणि तारखांची मूळ यादी कुठे राहणार, हे आधी ठरवा. गूगलच्या खात्यात, ॲपलच्या आयक्लाउडवर किंवा ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. तिन्हींपैकी कुठलीही एक जागा चालेल, दोन नकोत. फोन, लॅपटॉप, टॅब हे सगळे त्या एका यादीतून वाचतात आणि तुम्ही काही बदललं की त्याच यादीत लिहितात. यालाच सिंक म्हणायचं.

घरात किंवा दुकानात काहींकडे अँड्रॉइड आणि काहींकडे आयफोन असेल, तर आम्ही गूगल सुचवतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलचं खातं जोडलं आणि कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर चालू केलं की काम होतं. आयक्लाउडची यादी अँड्रॉइडवर आणायला मात्र वेगळं ॲप लागतं.

आता खात्याबद्दल, कारण खरी अडचण इथेच होते. फोन घेताना दुकानातल्या मुलाने किंवा भाच्याने पटकन एक जीमेल काढून दिलेला असतो. पासवर्ड कोणालाच आठवत नाही आणि रिकव्हरीचा नंबर बंद पडलेल्या सिमचा. फोन चालू आहे तोवर कळत नाही; तो हरवला किंवा बिघडला की हजारभर नंबर त्या खात्यात असूनही हाती लागत नाहीत. म्हणून आजच पासवर्ड नव्याने लावा, रिकव्हरीला स्वतःचा चालू नंबर द्या. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करून टाकू शकतं, हेही लक्षात असू द्या. धंद्याचे नंबर कामावरच्या माणसाच्या खासगी जीमेलवर तर मुळीच ठेवू नका. तो काम सोडून गेला की तुमची गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर जातात. धंद्याचं खातं वेगळं काढा.

नंबर सेव्ह होतो कुठे?

अँड्रॉइडवर नवा नंबर टाकताना वर बारीक अक्षरांत विचारलेलं असतं: सिममध्ये, फोनमध्ये की गूगल खात्यात? बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. सिममध्ये साधारण अडीचशे नंबर मावतात, तेही फक्त नाव आणि नंबर. पत्ता नाही, ईमेल नाही. 'फोन' निवडलं तर नंबर त्या हँडसेटपुरताच राहतो. गूगल खातं निवडलं तरच तो कॉम्प्युटरवर दिसेल. कॉन्टॅक्ट्स ॲपच्या सेटिंग्जमध्ये हे एकदा कायमचं ठरवून टाका. आयफोनवरही एकापेक्षा जास्त खाती असतील तर 'डिफॉल्ट अकाउंट' बघून घ्या.

नंबर लिहिताना प्लस ९१ लावून लिहा, म्हणजे परदेशातूनही तसाच लागतो. नाशिकच्या लँडलाइनला प्लस ९१ आणि मग २५३. आधीचा शून्य काढून टाकायचा.

आणि एक गैरसमज. व्हीसीएफ फाइल (नंबरांची यादी उतरवलेली फाइल) बनवून दुसऱ्या फोनवर टाकणं म्हणजे सिंक नव्हे. ती त्या दिवशीची नक्कल झाली. उद्या एखाद्याचा नंबर बदलला तर तो एकाच जागी बदलेल. कॅलेंडरच्या नोंदी उतरवलेल्या आयसीएस फाइलचंही तसंच.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी

आउटलुक म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम. जुन्या आउटलुकमध्ये जीमेल आयमॅपने (मेल आणण्याची एक पद्धत) जोडलेलं असेल, तर फक्त मेल येतात. कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर आयमॅपमधून येतच नाहीत. ते त्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये राहतात. फॉरमॅट मारण्यापूर्वी आम्हाला हे आवर्जून सांगा, म्हणजे ती फाइल आधी काढून घेता येईल. नव्या आउटलुकमध्ये गूगलचं खातं जोडलं की दोन्ही येतात. थंडरबर्ड या मेलच्या दुसऱ्या प्रोग्राममध्येही येतात, आणि तो फुकट आहे.

स्वतःच्या सर्व्हरवर यादी ठेवायची असेल तर तेही आम्ही करून देतो. त्यासाठी कॅलडॅव्ह (कॅलेंडरसाठी) आणि कार्डडॅव्ह (कॉन्टॅक्ट्ससाठी) ही खुली मानकं, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या ठरलेल्या पद्धती आहेत. पहिलं २००७ सालचं, दुसरं २०११ चं. आयफोनला ती थेट समजतात, अँड्रॉइडवर एक जादा ॲप टाकावं लागतं.

डबल नावं

पहिल्यांदा सगळं एकत्र आलं की यादी फुगते. "पाटील सर", "पाटील ओझर", "पाटील द्राक्ष" हे तिघे एकच असू शकतात किंवा खरंच तीन वेगळी माणसं. गूगल कॉन्टॅक्ट्स डबल नावं शोधून देतं, पण 'सगळी एकत्र करा' हे बटण दाबू नका. नवरा-बायको एकच नंबर देतात, दुकानातले चौघे एकच लँडलाइन देतात. घाईत दोन माणसांचं एक होऊन बसतं. एकेक जोडी बघून हो म्हणा. वेळ जातो, पण हे काम एकदाच करायचं असतं.

कॅलेंडर

पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदारांनी हा भाग नीट वाचावा. नेदरलँड्समधल्या खरेदीदाराचा दुपारी २ चा कॉल हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि तोच कॉल ५:३० वर येतो, म्हणजे ऐन हंगामात. कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन ॲमस्टरडॅमचा निवडला, तर वेळ आपोआप बदलून दिसते.

दुसऱ्याने शेअर केलेलं गूगल कॅलेंडर आयफोनच्या मूळ कॅलेंडरमध्ये बरेचदा दिसत नाही. गूगल कॅलेंडरचं ॲप टाका, दिसेल. तिथीने येणारे दिवस, म्हणजे वर्षश्राद्ध वगैरे, 'दरवर्षी' असे लावू नका. इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. पंचांग बघून दर पाडव्याला वर्षभराच्या नोंदी एकदम करून टाका.

पुसण्याआधी

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवरून पुसलेला नंबर थोड्याच वेळात कॉम्प्युटरवरूनही जातो, सिंकचं कामच ते. गूगलवर पुसलेले कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडरच्या नोंदी ट्रॅशमध्ये साधारण ३० दिवस राहतात, त्यामुळे काही गेलं असं वाटलं तर थांबू नका, लगेच फोन करा. शिवाय दर तीन-चार महिन्यांनी सगळी यादी फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. बॅटरी सेव्हर चालू असताना सिंक अडकतं. नवा नंबर दिसत नसेल तर आधी तेच तपासा.

आमच्याकडे येताना घरातले सगळे फोन, लॅपटॉप चार्जरसकट, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन सोबत आणा. पासवर्ड तुम्ही स्वतः टाका. आम्ही तो विचारत नाही आणि लिहूनही ठेवत नाही.